बेस गिटारची पिकअप आणि आपलं अर्थिंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात, मुलांच्या वाद्यवृंदाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे छंद'. या विषयावर आपल्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी बोलतंच. बागकाम झालं, योगासनं झाली, हास्यक्लब झाला. म्हणून मी त्यांना म्हटलं, मी सगळे छंद सांगत बसत नाही, एकच काम सांगतो. गेल्या चार महिन्यांत मी एका इलेक्ट्रिक बेस गिटारच्या पिकअप बदलल्या. ते काम करता करता आपल्या सोसायटीबद्दल मला जे कळलं, तेही सांगतो. ते जरा गंभीर आहे, पण ते शेवटी.

आधी शब्दाचा घोटाळा मिटवू. शिरूरमध्ये 'पिकअप' म्हटलं की कांद्याच्या गोण्या भरून मार्केटला निघालेली गाडी डोळ्यापुढे येते. मी जिन्यात कोणाला तरी म्हणालो, "जुन्या पिकअप काढल्या, नवीन टाकल्या," तर दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, जुनी कितीला गेली? आणि लोन कुठल्या बँकेचं?" बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न सुखावणारा होता, पण माझी पिकअप बोटभर रुंद आणि वीतभरही लांब नसलेली आहे.

आता बेस गिटार म्हणजे काय? साध्या गिटारला सहा तारा असतात, हिला चार, आणि त्या जाड. वाद्यवृंदात तिचं काम खर्जाचं. ऑर्केस्ट्रा ऐकताना तुम्हाला गायक ऐकू येतो, ढोलक ऐकू येतो, बासरी ऐकू येते. बेस वेगळा ऐकू येत नाही, पण तो थांबला की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं. आपल्या तालुक्याच्या आसपास, चौफुल्याला, कलाकेंद्रांत ढोलकी ज्यांनी ऐकली आहे त्यांनी डाव्या पुडीचा घुमारा आठवावा. साधारण ते काम, फक्त सुरात. हिंदी सिनेमात राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी बेस गिटार वाजवली. चरणजित सिंग यांनीही वाजवली; ते पुढे सिंथेसायझरवर रागांची रेकॉर्ड काढून जगभर गाजले. ही नावं आपल्याला माहीत नसतात, पण त्यांचा खर्ज आपल्या कानात चाळीस-पन्नास वर्षं बसलेला आहे.

या वाद्याचा जनक म्हणजे अमेरिकेतला लिओ फेंडर. त्याने १९५१ साली कारखान्यातून पहिली चालणारी बेस गिटार बाजारात आणली, तिचं नाव प्रिसिजन बेस. आधीचं डबल बेस हे माणसाएवढं उभं वाद्य होतं, त्याला पडदे नाहीत, अंदाजाने बोट ठेवायचं. फेंडरने पडदे बसवले, म्हणजे सूर नेमका लागणार, म्हणून 'प्रिसिजन'. १९६० मध्ये त्याच्याच कंपनीची जॅझ बेस आली, जिला दोन पिकअप होत्या. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की हा फेंडर स्वतः गिटार वाजवायला शिकलेला नव्हता. तो अकाउंटिंग शिकलेला, हिशेबनीस म्हणून नोकरी केलेला, नंतर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलेला माणूस. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. हिशेबनीसाने वाद्य काढलं, तर बँकेच्या ऑफिसरने त्यातला एक भाग बदलायला काय हरकत आहे?

पिकअप हे तिचं काळीज. लाकडाचा आवाज तिथे जवळजवळ नसतोच. तारेच्या खाली एक लहान लोहचुंबक असतो, आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. सात-आठ हजार असतात, दहा हजारही असतात. ती तार किती बारीक? मिलिमीटरचे सोळा-सतरा भाग केले तर त्यातला एक. आपल्या डोक्यावरच्या केसासारखीच म्हणा, ज्यांच्या डोक्यावर शिल्लक आहेत त्यांच्या. वरची वाजवायची तार पोलादाची असते. ती हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि क्षेत्र हललं की वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये हेच दाखवलं होतं आणि आपल्या शाळेत आठवी-नववीला हेच शिकवलं होतं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ केलं. तेच तत्त्व कोयनेच्या जनित्रात आहे आणि तेच या पट्टीत. फक्त तिथे पाणी फिरवतं आणि इथे बोट. म्हणूनच नायलॉनच्या तारा चढवल्या तर चुंबकाची पिकअप मुकी राहते.

मिरवणुकीतला बेंजोही याच कुळातला. मूळ वाद्य जपानचं, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली काढलेलं, टायपरायटरसारख्या कळा असलेलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, आणि बेंजो पार्ट्यांनी त्याला पिकअप लावून भोंग्याला जोडलं. तेव्हा 'हे विलायती काय आणलंय' असं म्हणणाऱ्यांनी येत्या विसर्जनाला बेंजोवाल्याच्या पेटीत एकदा डोकावून पाहावं.

आता आमच्या घरातल्या गिटारकडे येतो. नातवाने इंजिनिअरिंगला असताना पुण्यात ती सेकंडहँड घेतली होती. नोकरीला परदेशी गेला आणि ती आमच्या कपाटावर आली. जॅझ बेसच्या धर्तीची, दोन पिकअपची. फोनवर म्हणाला, "आजोबा, विकून टाका, तिची एक पिकअप मेलीय आणि ती गुणगुण करते." विकण्याआधी नक्की काय मेलंय ते पाहावं असं मला वाटलं. खात्यावर शेरा मारायच्या आधी लेजर उघडून बघायची सवय.

यात मला गुरू भेटले दौंडचे. मी दौंडच्या शाखेत होतो तेव्हाचे आमचे खातेदार, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. दौंड हे जंक्शन, मनमाडकडे फाटा फुटतो तो १८७८ पासूनचा. रेल्वेमुळे तिथे गोव्याची, अँग्लो-इंडियन, मद्रासकडची अशी सगळी माणसं वस्तीला आली. त्यांच्या लग्नांत बँड असायचा, ग्रामोफोन रेकॉर्डवरचा नव्हे, समोर उभा राहून वाजवणारा. आमचे हे खातेदार त्यात बेस वाजवत. सगळी शाखा त्यांना 'अंकल' म्हणायची, मीही तेच म्हणतो. वय आता ब्याऐंशी. मला अजून 'साहेब'च म्हणतात, कितीही सांगितलं तरी. आपल्या शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे गिटार घेऊन मी एसटीने न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून पाटस मार्गे दौंड असा गेलो. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट मागितलं, पण ते हसत.

अंकलनी गिटारला हात लावण्याआधी मला तीन प्रश्न विचारले. गुणगुण तार धरल्यावर कमी होते का? एकच पिकअप चालू असताना जास्त आहे का? आणि गिटार हातात घेऊन गोल फिरलात तर कमी-जास्त होते का? मी म्हटलं, तिन्हीची उत्तरं हो. ते म्हणाले, "मग साहेब, गिटार तुम्हाला स्वतःच सांगतेय काय झालंय."

ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. आसपासच्या प्रत्येक वायरमधून, ट्रान्सफॉर्मरमधून ती गुणगुण हवेत पसरत असते, आणि हजारो वेढ्यांची पिकअप ती आयतीच पकडते. गंमत अशी की बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते आणि तिच्या शेजारची ५५ वेळा. म्हणजे महावितरणची ५० बरोबर दोघींच्या मध्ये येऊन बसते. वाजवणारा एक सूर लावतो, भिंत दुसरा.

जॅझ बेसमध्ये यावर उपाय जमाखर्चाचा आहे. दोन पिकअपपैकी एकीचे वेढे उलटे गुंडाळायचे, आणि चुंबकही उलटा बसवायचा. बाहेरची गुणगुण दोघींत येते, पण एकीत जमा आणि दुसरीत नावे, बाकी शून्य. तारेचा सूर मात्र उलट्या वेढ्यांनी एकदा फिरतो आणि उलट्या चुंबकाने परत फिरतो, म्हणजे दोन्हीकडे जमाच राहतो. डबल एन्ट्रीचा इतका सुंदर उपयोग मी बँकेतही पाहिला नाही. आणि म्हणूनच एक पिकअप मेली की नुसता निम्मा आवाज जात नाही. ताळेबंद जुळवणारी दुसरी बाजूच जाते आणि गुणगुण मोकाट सुटते.

अंकलनी स्क्रू काढून वायर सुटी केली आणि मल्टिमीटर लावला. जिवंत पिकअपचा रोध साडेसात किलो-ओहम आला. दुसरीचा काहीच नाही, मीटरवर नुसता मोकळ्या सर्किटचा शेरा. आत कुठेतरी तार तुटलेली. घामाने, दमट हवेने ही तार हिरवी पडते आणि तुटते. पुन्हा वेढे घालून मिळतील का म्हणून मी शिरूरमध्ये पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे चौकशी केली. त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ही तार माझ्या मशीनवर चढायच्या आधीच तुटेल." प्रामाणिक माणूस. तेव्हा नवीन घ्यायचं ठरलं, आणि एक नव्हे, जोडी. नवी आणि जुनी यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांना उलटे असतीलच याची खात्री नाही. नसतील तर जमाखर्च जुळणार नाही.

घेण्यापूर्वी एक काम आवर्जून करायचं, पट्टी लावून मापं घ्यायची. जॅझ बेसच्या दोन पिकअप दिसायला सारख्या, पण खऱ्या मापात मानेकडची आखूड, सुमारे ९२ मिलिमीटर, आणि पुलाकडची दोन-तीन मिलिमीटरने लांब. स्वस्त गिटारींत दोन्ही एकाच मापाच्याही असतात. माप न घेता मागवली तर लाकूड कोरत बसावं लागतं. मी मापं कागदावर लिहून नेली, जोडी साडेतीन हजारांत मिळाली, आणि बाकीचं सामान पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणलं: चाळीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, राळ भरलेली सोल्डरची तार, जुनं सोल्डर ओढून घ्यायचा पंप.

आता अडचण माझीच होती. हात थोडा थरथरतो आणि एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हणून ब विंगमधली दहावीची परीक्षा दिलेली एक मुलगी, जी आज या वाद्यवृंदात आहे, तिला विचारलं. नाव सांगायला तिने मला मनाई केली आहे, पण ती आत्ता जिथे लाजतेय तिथे पाहिलंत की कळेल. आम्ही कामाची वाटणी बँकेसारखी केली. ती मेकर, मी चेकर. तिने डाग द्यायचा, मी तपासून सही करायची. तिची एकच अट होती, "आजोबा, सारखं 'सावकाश, सावकाश' म्हणायचं नाही."

आधी तारा सैल करून काढल्या. नॉबची धातूची पट्टी उचलली आणि काहीही सोडवण्याआधी तिने मोबाइलवर फोटो काढले, मी कागदावर आकृती काढली. पांढरी वायर कुठे, काळी कुठे, कोणती कशाच्या पाठीवर. नवशिक्याने यात घाई करू नये. एकदा चारही वायरी मोकळ्या लोंबकळायला लागल्या की सगळ्या सारख्याच दिसतात. मग जुने डाग वितळवून वायरी सोडवल्या, पिकअपचे स्क्रू काढले, खालचा स्पंज नवीन घातला, नव्या पिकअप बसवल्या. पांढरी व्हॉल्यूमच्या पायाला, काळी त्याच व्हॉल्यूमच्या धातूच्या पाठीवर.

सोल्डरचं तंत्र आपल्या जुन्या कल्हईवाल्यासारखं आहे. आधी भांडं तापवायचं, मग कथील. लोक आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून वायरीवर थेंब टाकतात. तो थेंब चिकटल्यासारखा दिसतो पण धरत नाही. जोड तापवायचा, आणि तापलेल्या जोडाला सोल्डरची तार टेकवायची, म्हणजे ती आपोआप आत ओढली जाते आणि चकचकीत दिसते. व्हॉल्यूमची पाठ मोठी असल्यामुळे उष्णता खाऊन टाकते, तिथे आधी खरकागदाने घासून घेतलं. काम गिटारची वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून करायचं, खिडकी उघडी ठेवायची, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम आमच्या सौभाग्यवतींचा. तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे.

एक वायर मात्र लक्षात ठेवा, तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या धातूच्या पुलाखालून एक साधी वायर आत येते आणि सगळ्या काळ्या वायरींना मिळते. तिने तारा, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं, अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडली जातात. म्हणूनच तार धरली की गुणगुण कमी होते.

तारा चढवण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर लावून स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करायचं. दोन्हींतून ठक-ठक आली. मग तारा चढवल्या, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले. इथे आणखी एक परीक्षा असते. दोन्ही चालू केल्यावर आवाज भरदार व्हायच्या ऐवजी नाकातून आल्यासारखा बारीक झाला, तर एकीच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत असं समजायचं. त्यात सूर नावे पडतो आणि गुणगुण जमा होते, म्हणजे सगळाच उलटा हिशेब. आमचा आवाज भरदार आला, आणि गुणगुण जवळजवळ शून्य. शेवटी शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअपची उंची लावली, जाड तारेकडे तीन मिलिमीटरच्या आसपास, बारीक तारेकडे थोडी जवळ. चुंबक फार जवळ आणला तर तो तारेलाच ओढायला लागतो आणि सूर डगमगतो. व्हिडिओ कॉलवर नातवाला ऐकवलं. तो म्हणाला, "आजोबा, आता विकू नका."

हे सगळं आमच्या घरात, अ विंगमध्ये. पुढच्या आठवड्यात आजच्या कार्यक्रमाची तालीम या हॉलमध्ये सुरू झाली.

अ‍ॅम्प्लिफायर या डाव्या भिंतीच्या सॉकेटला लावला, माइकचं मशीन त्या समोरच्या. गुणगुण परत आली, आणि या वेळी तार धरल्यावर कमी होईना. मुलीच्या गळ्यात गिटार होती, बोटं तारांवर. ती गायला पुढे झाली, ओठ माइकला लागला आणि ती "आई गं" म्हणून मागे सरकली. ओठाला झिणझिण्या आल्या होत्या. मी भिंतीचा प्लग ओढला आणि अंकलना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचं सोल्डरिंग बरोबर आहे. आता गिटारला हात लावू नका, भिंत उघडा."

आपण सगळ्यांनी नीट समजून घ्यायचं आहे ते हे. पोरीची बोटं तारांवर. तारा पुलाला, पूल त्या साध्या वायरीने अ‍ॅम्प्लिफायरच्या सांगाड्याला, सांगाडा प्लगच्या तिसऱ्या जाड पिनेला, ती पिन भिंतीतल्या हिरव्या वायरीला आणि ती वायर आपल्या पंपरूमजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्याला. वाजवणाऱ्याने सोसायटीचा अर्थिंगचा खड्डाच हातात धरलेला असतो. तो शाबूत असेल तर त्याच्यासारखं सुरक्षित काही नाही. नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या आतली थोडी गळती सांगाड्यावर साचून राहते आणि बाहेर जायला माणूस शोधते. परगावची ऐकीव भीती मी घालत नाही. १९७२ साली वेल्समध्ये स्वान्सी इथे, लेस्ली हार्वी नावाचा नामवंत गिटारवादक भर कार्यक्रमात स्टेजवर गेला. हातात गिटार, आणि माइकला अर्थिंग नव्हतं.

इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून या भिंतीचं सॉकेट उघडलं. तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नाही. हॉल मूळ बांधकामानंतर झालेला, वायरिंग दोनच वायरींचं, आणि वर सॉकेट मात्र तीन भोकांचं. इतकी वर्षं आपण या हॉलमध्ये बारशी केली, मिक्सर लावले, गणपतीची रोषणाई केली, भर पावसात ओल्या चपला घालून माइक धरले. मग खड्डा शोधायला गेलो. दोन खड्डे होते. एक सापडला. दुसरा, ब विंगचा, आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा त्यांच्याखाली गेला आहे. ब्लॉक काढून पाहिलं तर खड्ड्याकडे जाणारी लोखंडी पट्टी जोडाशी गंजून तुटलेली. म्हणजे ब विंगच्या प्रत्येक घरात तिसरी पिन आहे, हिरवी वायर आहे, आणि ती कुठेच जात नाही.

अर्थिंगचा खड्डा म्हणजे जमिनीत गाडलेला लोखंडी पाइप आणि भोवती कोळसा-मिठाचे थर. मीठ-कोळसा ओल धरून ठेवतो, ओल्या मातीतून वीज जमिनीत जाते. आपला भाग कमी पावसाचा, मुरूम चैत्र-वैशाखात वीटभट्टीसारखा कोरडा. त्यात पाणी घालायला ठेवलेलं तोंडच आपण फरशीने बंद केलं.

हा विषय मागच्या सर्वसाधारण सभेत निघाला होता आणि 'पुढे घ्यावा' म्हणून ठेवला गेला. तेव्हा जे मुद्दे आले त्यांची उत्तरं देऊन थांबतो.

एक सभासद म्हणाले, पंचवीस वर्षांत काही झालं का? बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. माझ्या छत्तीस वर्षांत त्यामुळे एकही चोर पकडला गेला नाही. म्हणून कोणी एक किल्ली कमी करा म्हणालं नाही.

दुसरे म्हणाले, एमसीबी आहे की. ती वायर वाचवते, माणूस नाही. १६ अँपिअरची एमसीबी भार त्याच्या वर गेल्यावर पडायला लागते. माणसाच्या छातीतून ०.०३ अँपिअर वीज थोडा वेळ गेली तरी हृदयाचं ठोके देणं बिघडू शकतं. पाचशे पटींहून जास्त फरक आहे. अर्थिंग शाबूत असेल तर बिघाडाची वीज भसकन जमिनीत जाते आणि तेवढ्याने एमसीबी पडते. नाहीतर तिला काही कळतच नाही. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, जी गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांची सतत बेरीज-वजाबाकी करते आणि तफावत दिसली की क्षणात बंद करते. रोज संध्याकाळी कॅश टॅली न झाल्यास शाखा बंद न करणारा कॅशिअर तुम्ही पाहिला असेल, तसं.

तिसरा मुद्दा पैशांचा. तीन जणांकडून घेतलेले दर नोटीस बोर्डावर लावले आहेत. रंगकामासाठी जो अंदाज आपण मंजूर केला, त्याच्या विसाव्या हिश्शाइतकाही हा खर्च नाही. रंग पुढच्या वर्षी दिला तर भिंती रागावणार नाहीत. ब विंगमधला गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप आज याच तुटलेल्या पट्टीवर आहेत, आणि गीझरखाली माणूस ओल्या अंगाने, अनवाणी उभा असतो.

आणि भगिनींनो, बंधूंनो, इस्त्रीच्या प्लगची तिसरी पिन 'बसत नाही' म्हणून कापून टाकलेली मी किमान चार घरांत पाहिली. नावं घेत नाही. कृपा करून नवीन प्लग लावा.

आजच्या कार्यक्रमासाठी या हॉलला मीटर रूममधून तीन वायरींची नवी केबल ओढून अ विंगच्या अर्थिंगला जोडली आहे, त्यावर आरसीसीबी बसवली आहे, आणि अंकलनी दौंडहून येऊन काल ती स्वतः तपासली. ते तिथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. ब विंगचं काम मात्र तुमच्या ठरावाशिवाय होणार नाही. विशेष सभेची मागणी करणारा अर्ज मी टाइप करून दाराशी टेबलावर ठेवला आहे, पेनसकट. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता इलेक्ट्रिशियन येणार आहे. ज्यांना आपल्या घराचं अर्थिंग तपासून हवं आहे त्यांनी फ्लॅट नंबर वॉचमनकडे लिहून द्यावा, त्याचे पैसे पडणार नाहीत.

मुलं मघापासून माझ्याकडे बघतायत. गायकाने माइक हातात धरला तरी चालेल, मी मीटर लावून पाहिलंय. पहिलं गाणं सुरू करा.